आधी पाणी, मग मासे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परीक्षा, शिष्यवृत्ती आणि शिस्त या विषयांवर माझ्या आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ मोलाचे सांगितले आहे. माझ्या वाट्याला छंदाचा विषय आला. मी इतिहास आणि मराठी शिकवतो; शास्त्राचा पदवीधर नाही. तरीही घरात काचेच्या पेटीत गोड्या पाण्यातले रंगीत मासे कसे पाळावेत, याविषयी मी आज बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, सर, आम्ही कोकणातली माणसे, माशांविषयी आम्हाला काय सांगता? खरे आहे. परंतु आपली माशांशी ओळख आहे ती बाजारातली आणि ताटातली. जिवंत माशाला काय लागते हे आपल्याला फारसे ठाऊक नसते, आणि मलाही ते एका मुलाच्या दुःखातून नीट कळले.

आठवीतल्या एका विद्यार्थ्याला ईदला मासे मिळाले. वडील आखातात नोकरीला. त्यांनी पैसे पाठवले, चाचांनी शहरातून पेटी, पंप, रंगीत खडे आणि बारा मासे असे सगळे एकाच दिवशी आणले. संध्याकाळी नळाचे पाणी भरले आणि मगरिबच्या आधी मासे पोहू लागले. पाचव्या-सहाव्या दिवशी मुलगा वर्गात मोठ्या आनंदाने मला म्हणाला, "सर, आमचे मासे वर येऊन मला सलाम करतात. सारखे तोंड उघडतात आणि मिटतात." मी हसलो. माझ्या हातात तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. माझ्या घरी त्या वेळी सात-आठ वर्षांपासून मासे होते. मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करतो तेव्हा तो सलाम करीत नसतो, त्याला श्वास पुरत नसतो, हे मला चांगले माहीत होते. तरी मी हसलो आणि पुढे गेलो. नवव्या दिवशी शेवटचा मासा मेला. घरात दादी म्हणाली, नजर लागली. कोणी म्हणाले, याच्या हाताला गुण नाही. मुलाने पेटी कोरडी केली, आणि पुढे कित्येक महिने तिच्यात कांदे-बटाटे ठेवलेले मी स्वतः पाहिले.

त्या घरात नजर कोणाची लागली नव्हती आणि मुलाच्या हातातही काही दोष नव्हता. चूक एवढीच, की पाणी तयार होण्याआधी मासे आणले गेले. आजच्या भाषणात तुम्ही दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, पण "पाणी तयार होणे" म्हणजे काय हे कृपा करून समजून घ्या.

मासा खातो आणि घाण करतो. शिवाय त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया नावाचा पदार्थ सतत पाण्यात सुटत असतो. नदीत किंवा तळ्यात पाणी अफाट, मासे थोडे, म्हणून त्याचे काही वाटत नाही. पेटीत मात्र मासा स्वतःच्याच विषात कोंडला जातो. अमोनियाने कल्ले जळतात आणि मासा गुदमरतो. यावर उपाय निसर्गानेच ठेवला आहे. काही जिवाणू अमोनियावर जगतात आणि त्याचे नायट्राइट करतात. हेही विषच, ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घालवते. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट थोड्या प्रमाणात माशाला बाधत नाही, वनस्पतींना तर ते खतच आहे. हे जिवाणू वाळूवर, काचेवर आणि फिल्टरच्या स्पंजवर बुळबुळीत थर करून राहतात. नव्या कोऱ्या पेटीत ते जवळजवळ नसतातच, आणि त्यांची वाढ फार सावकाश होते. दूध विरजले की सकाळी दही तयार, तसे हे काम नाही. याला चार ते सहा आठवडे लागतात.

इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे याची थोडी हकिकत सांगण्याचा मोह आवरत नाही. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८४९ साली काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ झाले, तेव्हा त्यांनी तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजका पाला खाल्ला आणि पाणी निवळले. १८५० साली त्यांनी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. घरोघरी मत्स्यपेटी ठेवण्याची विलायतेतली हौस त्यानंतरच्या दहा वर्षांत पसरली. परंतु वाळूत चाललेले जिवाणूंचे काम वॉरिंग्टनना दिसले नव्हते. ते दाखवले १८७७ साली श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी. त्यांनी वाळू व चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू ठिबकत सोडले. वीसेक दिवस काहीच झाले नाही. अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडत राहिला. मग नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तेव्हा काम थांबले. म्हणजे हे काम निर्जीव वाळूचे नव्हते, तिच्यातल्या सजीवांचे होते. ते काम दोन टप्प्यांत आणि निरनिराळ्या जिवाणूंकडून होते, हे उलगडण्यात पुढे ज्यांचा मोठा वाटा होता त्यांचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. पहिल्या वॉरिंग्टनचे हे चिरंजीव! वडिलांनी भांड्यात मासे ठेवले आणि त्या भांड्यातले न दिसणारे कोडे सोडवायला मुलगा हातभार लावून गेला. पालकांनी याकडे जरूर लक्ष द्यावे.

त्या फ्रेंच नळीतले सुरुवातीचे वीस रिकामे दिवस ध्यानात ठेवा. तुमच्या पेटीतही तेच रिकामे दिवस येणार आहेत. ते माशांवाचून काढायचे की माशांचे जीव घेऊन, एवढेच ठरवणे आपल्या हाती आहे.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच घ्या. लहान पेटी सोपी असते हा गैरसमज आहे. पाणी जितके कमी तितके ते लवकर बिघडते, लवकर तापते. टेबलावरचा गोल काचेचा वाडगा तर मला पाहवत नाही. त्यात बिचारा गोल्डफिश ठेवतात. तो मासा मूळचा थंड पाण्याचा, वीतभर वाढणारा आणि भरपूर घाण करणारा. त्याचे आयुष्य नीट ठेवल्यास दहा वर्षांहून अधिक, आणि वाडग्यात दोन महिने. मी सांगितलेल्या पेटीत वाळू घालून, वर थोडी जागा सोडून सुमारे ४५ लिटर पाणी राहते. सगळे मिळून वजन साठ-सत्तर किलो भरते, म्हणून ती टीव्हीच्या स्टँडवर ठेवू नका. भक्कम आणि सपाट जागा पाहा, काचेखाली थर्माकोलचा ताव घाला, आणि थेट ऊन येणारी खिडकी टाळा. उन्हाने शेवाळ माजते.

तळाला दोन इंच बारीक नदीची खडी घाला. साबण न लावता, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. समुद्रकिनारा जवळ म्हणून पुळणीवरची वाळू, शिंपले आणि शंख आणून पेटी सजवण्याचा मोह आपल्याकडे सर्वांनाच होतो. तो टाळा. त्यात चुना आणि मीठ असते. जांभ्या दगडातल्या विहिरीचे आपले पाणी बहुधा मऊ असते, त्यात चुना विरघळला की त्याचा गुण पालटतो. एखाद्या दगडाविषयी शंका असेल तर त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तो दगड बागेत ठेवा.

पाणी नळाचे असो की विहिरीचे, त्यात औषध टाकलेले असण्याचा संभव धरा. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते ती आपल्या भल्यासाठी, पण त्यातला क्लोरिन माशांना आणि आपल्या त्या जिवाणूंना मारतो. रुंद तोंडाच्या बादलीत पाणी चोवीस तास उघडे ठेवले की साधा क्लोरिन उडून जातो. घाई असेल तर दुकानात क्लोरिन मारणारे थेंब मिळतात. खाडीकाठच्या ज्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ लागते ते वापरू नका.

एअर पंप आणि स्पंज फिल्टर घ्या. महागडी यंत्रे लागत नाहीत. पंपाच्या हवेने पाणी स्पंजातून ओढले जाते, घाण स्पंजात अडकते आणि तेथेच आपले जिवाणू वस्ती करतात. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येते. आपल्या किनाऱ्यावर हीटरची गरज सहसा पडत नाही, कारण हे मासे २४ ते २८ अंशांत खूष असतात. नाशिक-पुण्याकडच्या नातेवाइकांना मात्र थंडीत तो लागेल.

पेटी भरली, पंप सुरू झाला, आता मासे नाहीत. या दिवसांत जिवाणूंना खायला हवे, म्हणून दिवसाआड चिमूटभर माशांचे खाद्य पाण्यात टाका. किंवा एक ताजी, मीठ न लावलेली सोललेली कोळंबी पातळ फडक्यात बांधून सोडा. ती कुजते, अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंचे काम सुरू होते. वास येतो, आमच्या घरी अम्मीने दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले होते. पाणी मध्येच दुधासारखे गढूळ होईल. घाबरून ते फेकू नका, आपोआप निवळते. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे थेंबांचे संच मिळतात. परीक्षानळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे, रंग पाहायचा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरून नायट्राइट चढेल, मग तेही शून्यावर येईल. दोन्ही शून्य, आणि खाद्य टाकूनही शून्यच राहिले, की पाणी तयार झाले. विद्यार्थ्यांनो, रोजचे आकडे वहीत लिहा आणि आलेख काढा. विज्ञानाच्या वहीसाठी असा प्रयोग विकत मिळत नाही.

हा काळ कमी करण्याचा एकच प्रामाणिक मार्ग आहे: ज्या घरी निरोगी, जुनी पेटी आहे तेथून मूठभर वाळू किंवा फिल्टरचा स्पंज आणणे. तेच आपले विरजण.

मग मासे आणा, तेही तीन-चारच. दोन आठवड्यांनी आणखी तीन-चार. या पेटीत लहान जातीचे आठ-दहा मासे पुरेत. नवख्याने गप्पी किंवा झेब्रा डॅनिओ घ्यावेत. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. डासांच्या अळ्या खातो म्हणून तो भारतात आणला गेला, आणि आपला आरोग्य विभागही तो वाटतो. झेब्रा डॅनिओ मात्र आपल्याच देशाचा. हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर १८२२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्याचे वर्णन आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळांत शास्त्रज्ञ त्याच्यावर संशोधन करतात. दुकानदार मोठ्या माशांची लहान पिल्ले दाखवील, ती मोठी किती होतात ते आधी विचारा. मासे घरी आणल्यावर पिशवी न उघडता वीस मिनिटे पेटीतल्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडे थोडे पेटीतले पाणी पिशवीत घाला, आणि शेवटी जाळीने मासे सोडा. पिशवीतले पाणी पेटीत ओतू नका.

खाणे दोन मिनिटांत संपेल इतकेच. आठवड्यातून एक दिवस माशांनाही रोजा घडला तर बिघडत नाही. उपासाने मासे मरत नाहीत. पाहुण्यांनी प्रेमाने टाकलेल्या बिस्किटांनी मरतात.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. मी पहिली पेटी ठेवली त्याला तीन महिने झाले होते, सगळे उत्तम चालले होते. ईदची साफसफाई निघाली. पाकी हा निम्मा ईमान, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी मासे बादलीत काढले, वाळू, स्पंज, काच सारे नळाखाली घासून लखलखीत केले आणि ताजे पाणी भरले. पेटी इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती. पाच दिवसांत सात मासे गेले. तीन महिन्यांत जमलेली जिवाणूंची सारी वस्ती मी एका सकाळी मोरीत सोडून दिली होती. तेव्हापासून माझा नियम असा: दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी, म्हणजे साधारण एक बादली, काढायचे आणि तेवढेच मुरवलेले पाणी घालायचे. स्पंज महिन्यातून एकदा, तोही पेटीतून काढलेल्या त्या बादलीतच दोन-तीनदा पिळायचा. नळाखाली नाही, साबण तर कधीच नाही. आणि ती बादली मोरीत ओतायची नाही. वाहत्या नदीकाठीही वजूला पाणी उधळू नये अशी आपल्याला शिकवण आहे, आणि मे महिन्यात आपल्या गावांत टँकर येतात हे मी सांगायला नको. ते पाणी जास्वंदीला आणि अळूला घाला. त्यात नायट्रेट असते, झाडे तरारून येतात.

विजेविषयी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा आमच्या घरी अकरा दिवस वीज नव्हती. छपराची कौले उडालेली, आणि अशा वेळी माशांची काळजी करतो म्हणून शेजारी मला हसले. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी राहतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. घरातली मुले दिवसभर पाळीपाळीने तांब्याने पेटीतलेच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत धार धरीत होती. पहिले चार दिवस खाणे बंद, नंतर नावापुरते. नऊ माशांपैकी आठ वाचले. पेटीत वीस मासे असते तर हे जमले नसते. म्हणून मासे थोडे ठेवा असे मी म्हणतो.

काही पालक मला खासगीत विचारतात, सर, मासे असे कोंडून ठेवणे बरे का? प्रश्न योग्य आहे. मी आलिम नाही. फतवा देणे माझे काम नव्हे. परंतु मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तिने मांजराला खायलाही दिले नाही आणि सोडलेही नाही, म्हणून ती गुन्हेगार ठरली. आणि दुसरी हदीस हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाची, अबू उमैर याची. त्याच्याजवळ एक चिमुकला पक्षी होता. तो मेला तेव्हा पैगंबर साहेबांनी (स.) त्या उदास मुलाची पक्ष्याच्या नावाने मायेने विचारपूस केली. लहान मुलाचे लहान जिवासाठीचे दुःख त्यांनी क्षुल्लक मानले नाही. मी मात्र उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन पुढे गेलो होतो.

आणखी एक विनंती. मासे नकोसे झाले, गप्पीची पिल्ले फार झाली, तर ती ओढ्यात, नदीत किंवा तळ्यात सोडू नका. त्याने सवाब मिळत नाही, नुकसान होते. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा लोकांनी असाच सोडून दिला. तो देशात ठिकठिकाणच्या नद्यांत आणि जलाशयांत माजला आहे, स्थानिक माशांचे अन्न खातो आणि मच्छीमारांची जाळी फाडतो. जास्त झालेले मासे दुकानदाराला परत द्या, मित्राला द्या, शाळेत आणून द्या.

ज्या मुलाची हकिकत मी सांगितली, त्याच्या घरी मी शेवटी एका रविवारी गेलो. कांदे-बटाटे बाहेर काढले. माझ्या पेटीतली दोन मुठी वाळू मी डब्यात घेऊन गेलो होतो. दादी म्हणाल्या, "मास्तर, परत जीव जातील." मी म्हटले, "दादी, अजून मासे आणायचेच नाहीत." त्याने सव्वीस दिवस रिकाम्या पाण्याकडे पाहत वही लिहिली. त्याच्याकडे आता सात झेब्रा डॅनिओ आहेत, आणि ते वर येऊन सलाम करीत नाहीत.

शाळेच्या विज्ञान खोलीतही आम्ही एक पेटी ठेवली आहे. ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी आधी आपली पेटी भरून, पंप चालू करून ठेवावा, आणि मग गुरुवारी शाळा सुटल्यावर झाकणाचा स्वच्छ डबा घेऊन यावे. डबा साबणाने धुतलेला नसावा. मूठभर वाळू पेटीतल्याच पाण्यात भिजवून देऊ; ती त्याच संध्याकाळी घरच्या पेटीत गेली पाहिजे, बंद डब्यात रात्रभर ठेवली तर जिवाणू गुदमरतात. वाळू देण्याचे काम तो मुलगा करतो. त्याला वही दाखवावी लागते.